भात कापलं, पुढं काय? दाणा वाया जाऊ नये म्हणून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे जिल्ह्यात भात म्हटलं की मावळ, मुळशी, भोर, वेल्हे आणि जुन्नर, आंबेगाव, खेडचा पश्चिमेकडचा डोंगरपट्टा. इंद्रायणी, आंबेमोहोर, फुले समृद्धी, कोळंब अशी वाणं इथं घरोघर आहेत. लावणी, खत, करपा, खोडकिडा यांवर शेतकरी चार महिने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. विळा लागला की मात्र सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि नेमकी तिथंच गळती सुरू होते. कापणीच्या दिवसांत आणि नंतर साठवणीत जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथं एकत्र केले आहेत. शेवटचे दोन पुण्यात राहून वर्षाचा तांदूळ भरणाऱ्यांसाठी आहेत.

कापणीनंतर खरंच एवढं नुकसान होतं का?

होतं. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने देशभर केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भाताचं काढणीपासून साठवणीपर्यंतचं नुकसान ५.५३ टक्के निघालं. म्हणजे वीस पोत्यांमागे एक पोतं, तेही सरासरीने. ऐन कापणीत पाऊस सापडला तर हा आकडा कुठल्या कुठे जातो.

या आकड्यात आणखी एक गोष्ट पुरती दिसत नाही. दाणा पोत्यात आला, गिरणीत गेला आणि तिथं मोडला. वजन जवळपास तेवढंच भरलं, पण अख्ख्या तांदळाऐवजी कणी हातात आली. इंद्रायणीला पुण्यात जो भाव मिळतो तो अख्ख्या दाण्याला मिळतो, कणीचा भाव त्याच्या जवळपासही नसतो. बहुतेक घरी दोष गिरणीवाल्याला जातो. माझ्या मते निम्म्याहून अधिक वेळा तो दाणा गिरणीत पोचायच्या आधीच, खाचरात किंवा अंगणात, आतून तडकलेला असतो.

कापणी नेमकी कधी करावी?

लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले, बुडाकडचे थोडे हिरवट आणि दाताखाली कडक लागू लागले, की वेळ झाली. फुलोऱ्यानंतर साधारण महिन्याभराने ही अवस्था येते. तेव्हा दाण्यात २० ते २४ टक्के ओल असते.

सगळं शेत सोन्यासारखं दिसेपर्यंत थांबायची सवय महागात पडते. पिकून उभ्या भातात दिवसा ऊन दाणा सुकवतं आणि रात्री दहिवर तो पुन्हा भिजवतं. हे ओलं-सुकं चार-पाच रात्री चाललं की दाण्याला बारीक आडव्या चिरा पडतात. टरफलाआड त्या दिसत नाहीत, गिरणीत दिसतात. शिवाय दाणे झडतात, पाखरं बसतात, उंदीर लोंब्या ओढतात आणि उंच वाढणारा आंबेमोहोर वाऱ्याने आडवा होतो. उलट फार लवकर कापलं तर पोचट आणि खडूसारखे पांढरे दाणे वाढतात, तेही गिरणीत पीठ होऊन जातात.

कापणीच्या आठ-दहा दिवस आधी खाचरातलं पाणी सोडून द्या. चिखलात पडलेली लोंबी उचलून धुता येत नाही.

कापताना किती दाणे झडतात हे कसं ओळखायचं?

याला यंत्र लागत नाही. कापून झालेल्या जागी एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा काठ्यांचा चौकोन ठेवा आणि आतले भरलेले दाणे मोजा. पोचट धरू नका. भाताचे साधारण ४० ते ४५ दाणे म्हणजे एक ग्रॅम. चौरस मीटरला एक ग्रॅम म्हणजे हेक्टरी १० किलो, एकरी ४ किलो. अडीचशे दाणे सापडले तर एकरी बावीस-पंचवीस किलो भात जमिनीवर पडलं असं समजा. तीन-चार ठिकाणी मोजा, कारण बांधाकडेला आणि मध्यात फरक असतो.

आकडा मोठा आला तर बहुधा कापणीला उशीर झालेला असतो, नाहीतर भरदुपारी झटके देत कापणी चाललेली असते. सकाळचं दव उडाल्यावर आणि ऊन कडक व्हायच्या आत कापलं तर दाणे कमी झडतात. दातेरी वैभव विळ्याने जमिनीलगत कापलं की हिसका बसत नाही, आणि बुडख्यात दडलेल्या खोडकिड्याच्या अळ्याही कमी होतात.

कापून दोन-तीन दिवस खाचरातच सुकू द्यायची आमची जुनी पद्धत आहे. ती चुकीची का?

जुन्या लोकांचा हिशेब सरळ होता. पेंढा सुकतो, भारा हलका होतो, झोडायला सोपं जातं आणि गुरांचा चारा काळा पडत नाही. ज्यांच्या दावणीला जनावरं आहेत त्यांना पेंढ्याचा विचार सोडा म्हणणं बरोबर नाही.

पण आता ऑक्टोबरअखेरीसही मोठी सर येते, आणि मावळात त्या दिवसांत दहिवर इतकं पडतं की सकाळी पसरलेल्या भातावर हात फिरवला तर ओला होतो. पसरलेल्या लोंब्यांना रात्री ओल आणि दिवसा ऊन हा फेरा उभ्या पिकाहून जास्त बसतो. माझा सल्ला असा: सकाळी कापा, तेवढंच दुपारनंतर झोडा, दाणा ताडपत्रीवर न्या आणि पेंढा वेगळा सुकवा. माणसं कमी असतील तर एकाच दिवशी सगळं शेत आडवं करू नका. सावडीने, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात, काम करणाऱ्या वाड्यांना हे सहज जमतं, एक टोळी कापते, दुसरी झोडते.

एक दिवस पसरावंच लागलं तर संध्याकाळी लोंब्या आत आणि बुडखे बाहेर ठेवून लहान उडव्या, म्हणजे पेंढ्यांचे ढीग, रचा, वरून पेंढ्याने झाका. ओल्या भाताची मोठी उडवी मात्र नको, ती आतून तापते.

कापलेल्या भातावर पाऊस आला. आता काय करू?

पहिलं म्हणजे त्यावर ताडपत्री घट्ट आवळून बसू नका. ओला दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो आणि उष्णता सोडतो. झाकलेला ओला ढीग एका रात्रीत हाताला गरम लागतो. तिथून दाणा पिवळा पडायला, बुरशी यायला आणि कोंब फुटायला वेळ लागत नाही. पिवळा पडलेला तांदूळ कितीही पॉलिश केला तरी पांढरा होत नाही.

पाणी साचलं असेल तर पेंढ्या उचलून बांधावर लोंब्या वर करून टेकवा. झोडून झालेला ओला दाणा पडवीत, गोठ्याच्या ओट्यावर, शाळेच्या नाहीतर देवळाच्या सभामंडपात, जिथं छप्पर असेल तिथं चार-पाच सेंटिमीटरचा थर करून पसरा आणि तासातासाने हलवत राहा. घरचा साधा पंखा लावला तरी उपयोग होतो, कारण अशा वेळी उन्हापेक्षा वारा जास्त कामाचा. गरम झालेला ढीग आधी फोडा, बाकीची कामं नंतर.

भिजलेलं भात न भिजलेल्यात कधीही मिसळू नका. एका पोत्याची ओल दहा पोत्यांना लागते. कोंब फुटलेला दाणा वेगळा ठेवा, बियाण्याला तो चालणार नाही.

पावसाचा अंदाज कापणीच्या आदल्या संध्याकाळी बघायची सवय लावून घ्या. हवामान खात्याच्या ‘मेघदूत’ अ‍ॅपवर जिल्ह्याचा कृषी सल्ला मराठीत मिळतो. परतीच्या पावसात विजा फार पडतात. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपासच्या विजांचा इशारा देतं. ढग गडगडत असताना भात झाकायला कुणी मोकळ्या खाचरात धावू नये. भात पुढच्या वर्षी पुन्हा पिकतं.

विमा मिळतो का?

प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मूळ नियमांत कापून शेतात सुकायला पसरलेल्या पिकाचं अवकाळी पावसाने नुकसान झालं, तर कापणीपासून १४ दिवसांपर्यंत संरक्षण आणि ७२ तासांत कळवायची अट अशी तरतूद आहे. महाराष्ट्रात मात्र खरीप २०२५ पासून भरपाई पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे निवडक शेतांत कापून मोजलेल्या, उत्पादनावर ठरते, त्यामुळे जुन्या तरतुदीवर विसंबू नका. त्या त्या हंगामात काय लागू आहे ते कृषी सहायकाकडून पेरणीच्या वेळीच समजून घ्या. पंचनाम्यासाठी तलाठ्याला कळवणं आणि तारखेसह फोटो काढून ठेवणं कधीही वाया जात नाही.

झोडणी हाताने करावी की मळणीयंत्राने?

थोडं भात असेल आणि घरात माणसं असतील तर फळीवर किंवा पिंपावर झोडणं चांगलंच आहे, दाणा कमी फुटतो. फक्त खाली मोठी ताडपत्री हवी आणि तीन बाजूंनी आडोसा हवा, कारण दाणे दूरवर उडतात. झोडलेल्या पेंढीत किती दाणे राहिले ते अधूनमधून लोंब्या चोळून बघा.

यंत्रात दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. ड्रम फार जोरात फिरला तर दाणा फुटतो आणि सोलला जातो, हळू फिरला तर लोंबीत दाणे राहतात. दात्यांच्या टोकाचा वेग सेकंदाला १२ ते १६ मीटर ठीक मानतात. भाड्याच्या यंत्रावर हे कोण मोजणार? म्हणून दोन ठिकाणी हात घाला. दाणा पडतो तिथली मूठ उघडून सोललेले, तुटलेले दाणे बघा. मग यंत्रामागे पडणारा भुसा ताटात घेऊन पाखडा आणि भरलेले दाणे मिळतात का ते बघा. भुशात भरलेले दाणे दिसले तर वारा जास्त आहे, झडप कमी करायला सांगा. तासावर भाडं घेणारा चालक घाईत असतो, पण भात तुमचं आहे, थांबवायला संकोच करू नका.

वाळवणीसाठी किती जागा लागते आणि थर केवढा ठेवायचा?

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. झोडणी झाल्यापासून २४ तासांच्या आत दाणा सुकायला पसरलेला असावा. रात्रभर ओलं भात पोत्यात बांधून ठेवणं ही मी पाहिलेली सगळ्यात महाग सवय आहे.

थर २ ते ४ सेंटिमीटर, म्हणजे बोटाची पहिली दोन पेरं बुडतील एवढाच. तीन सेंटिमीटर थराने एका चौरस मीटरवर सतराएक किलो भात मावतं. दहा बाय दहा फुटांच्या ताडपत्रीवर दीड क्विंटल, अठरा बाय चोवीसच्या ताडपत्रीवर पावणेसात क्विंटलच्या आसपास. रोजची कापणी या हिशेबाने ठरवा. वाळवायला जेवढी जागा, तेवढंच झोडा.

थर जाड झाला तर वरचा दाणा भाजतो आणि खालचा ओला राहतो. फार पातळ झाला तर सगळाच तापतो आणि तडकतो. अर्ध्या तासाने पायाने किंवा लाकडी फावड्याने उलटत राहा. दुपारी ऊन कडक असेल तेव्हा दोन-तीन तास दाणा ओढून ढीग करा किंवा सावली धरा. दाण्याचं तापमान पन्नासच्या पुढे जायला लागलं की तडे वाढतात. बियाण्याला तर ४३ अंशांच्या वर चालतच नाही, उगवण मरते. संध्याकाळी दव पडायच्या आत ढीग करून झाका आणि सकाळी जमीन कोरडी झाल्यावरच पुन्हा पसरा. स्वच्छ उन्हात दोन ते तीन दिवसांत काम होतं.

डांबरी रस्त्यावर वाळवणं बंद करा. डांबर हवेपेक्षा खूप जास्त तापतं, गाड्यांची चाकं दाणा चिरडतात, खडी आणि तेल मिसळतं. शिवाय अंधारात दुचाकी घसरून माणूस जायबंदी होतो. पाच-सहा घरांनी मिळून एक सिमेंटचं खळं केलं तर ते वर्षानुवर्षं पुरतं.

वाळवल्यावर वजन घटलं. हेही नुकसानच ना?

नाही. गेलं ते पाणी. २२ टक्के ओलीचं १०० किलो भात घ्या. त्यात कोरडा भाग ७८ किलो. ते १४ टक्क्यांवर आणलं की वजन ७८ भागिले ०.८६, म्हणजे ९०.७ किलो होतं. सव्वानऊ किलो घटले, पण एक दाणाही गेला नाही.

हा हिशेब पाठ असला की व्यापाऱ्याशी बोलताना उपयोगी पडतो. ओलं भात घेणारा वजनातून किती ‘सूट’ कापतो ते या गणिताशी ताडून बघा. सरकारी खरेदीत ओलीची मर्यादा १७ टक्के आहे आणि २०२५-२६ साठी साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये आहे. पण १७ टक्के ही विक्रीची मर्यादा झाली. तेवढ्या ओलीचं भात घरी ठेवलं तर टिकणार नाही.

ओल मोजायचं यंत्र नाही. कसं ओळखायचं?

दाणा दाताखाली घेतला की ‘कट्’ असा आवाज येऊन तुटला पाहिजे, चेपला तर ओला आहे. आणखी भरवशाचा उपाय मिठाचा. काचेची पूर्ण कोरडी बरणी घ्या, तिचा तिसरा हिस्सा भात भरा, त्यात तव्यावर गरम करून गार केलेलं दोन चमचे मीठ घाला. झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ बरणीच्या काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ मोकळं राहिलं तर त्याखाली.

गटाने मिळून ओलमापक घेणं सर्वांत चांगलं. एक यंत्र अख्ख्या वाडीला पुरतं.

किती दिवस ठेवायचं त्यावर ओल किती हवी?

काही आठवडे ते दोन-तीन महिन्यांसाठी १४ टक्के. पुढच्या हंगामापर्यंत ठेवायचं तर १३ किंवा त्याहून कमी. बियाण्यालाही १३ टक्क्यांच्या वर नको. वाळलेलं भात पोत्यात भरण्याआधी सावलीत पूर्ण गार होऊ द्या. गरम भरलं की आत वाफ धरते.

साठवायचं कशात? कणगी, पोती की पत्र्याची कोठी?

शेणाने सारवलेली बांबूची कणगी श्वास घेते, म्हणून किंचित ओल चालून जाते. पण उंदराला आणि किड्याला ती अडवत नाही. पत्र्याची कोठी उंदराला अडवते, पण भात ओलं असेल तर आत घाम धरतं आणि कडेने बुरशी येते. पूर्ण वाळलं असेल तर कोठी उत्तम.

पोती असतील तर लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हात-दीड हात लांब ठेवा. मावळातल्या भिंती पावसाळ्यात पाझरतात आणि टेकलेलं पोतं पहिलं सडतं. जुनी पोती उलटी करून झटका, उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवा. गेल्या वर्षीची कीड शिवणीत बसलेली असते.

हवाबंद पिशव्या आता मिळतात. नेहमीच्या पोत्याच्या आत ही जाड प्लास्टिकची पिशवी घालून तोंड पिळून बांधतात. दाणा आणि किडे आतला प्राणवायू संपवतात, तो २१ टक्क्यांवरून ५ टक्क्यांखाली येतो आणि दहा-बारा दिवसांत किडे मरतात. औषध लागत नाही. मात्र भात १४ टक्क्यांखाली हवं आणि पिशवीला भोक नको. सारखी उघडझाप केली तर पैसे वाया.

भात टरफलासकट ठेवा, लागेल तसं भरडून आणा. तूस हे दाण्याचं चिलखत आहे. तांदूळ करून ठेवला की सोंडकिड्याला रान मोकळं मिळतं.

सोंडे आणि पतंग लागलेच तर गोळ्या टाकाव्यात का?

घरात कधीही नाही. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या हवेतल्या ओलीने फॉस्फिन वायू सोडतात. त्यावर उतारा नाही, आणि झोपलेल्या घरात तो पसरला तर अख्खं कुटुंब जातं. या गोळ्या परवानाधारक माणसाने, माणसं राहत नाहीत अशा बंद गोदामात वापरायच्या असतात. दुकानदार सुट्या देत असेल तरी घेऊ नका.

सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते, वरून ते बुजवते आणि महिन्या-सव्वा महिन्यात नवा किडा बाहेर पडतो. म्हणून किडे दिसले की आतली पिढी तयारच आहे असं धरा. भात पुन्हा उन्हात घाला, चाळा, पाखडा आणि हवाबंद भरा. काढलेली घाण अंगणात टाकू नका, जाळा. निंबाचा पाला पूर्ण सुकवून थरांमध्ये घालतात त्याने किडे थोडे दूर राहतात. लागलेली कीड त्याने जात नाही. ओला पाला तर मुळीच घालू नका, तो स्वतःबरोबर ओल आणतो.

उंदरांचं काय करायचं?

बिळं बुजवा, दाराखालची फट पत्र्याने बंद करा, पोत्यांभोवती फिरायला जागा ठेवा, पिंजरे लावा. खाण्यापेक्षा लेंड्या आणि मूत यांनी ते जास्त नासवतात. विषारी आमिष धान्याच्या खोलीत नको.

गिरणीत कणी जास्त पडते. गिरणी बदलू का?

आधी वाळवणी तपासा, मग गिरणी. भरडताना भात १३-१४ टक्क्यांवर असावं. जास्त ओलं असेल तर चेपतं, ११ टक्क्यांपर्यंत कडकडीत सुकलं तर फुटतं. वाळवून लगेच नेऊ नका. आठ-पंधरा दिवस पोत्यात राहू द्या, म्हणजे ओल दाण्यादाण्यांत सारखी होते.

त्यानंतर गिरणी बघा. जुन्या हलरमध्ये सोलणं आणि पॉलिश एकाच लोखंडी रोळावर घासून होतं, त्यात मोड जास्त. रबरी रोळाच्या गिरणीत टरफल वेगळं निघतं आणि दाणा अख्खा राहतो. १०० किलो चांगल्या भातातून साधारण २० किलो तूस आणि ८ ते १० किलो कोंडा जातो. उरलेल्या सत्तरेक किलोत अख्खा किती आणि तुकडा किती, हे दर वर्षी लिहून ठेवा. दोन गिरण्यांत एकाच भाताची दहा-दहा किलो भरडून तुलना करा, म्हणजे वाद राहत नाही.

बियाणं घरचंच ठेवायचं आहे.

शेताच्या मधला, भेसळ नसलेला तुकडा कापणीआधीच राखून ठेवा. ते भात हाताने झोडा, वेगळं वाळवा, वेगळं भरा आणि पोत्यावर वाणाचं नाव व वर्ष लिहा. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मिठाच्या द्रावणात टाकून तरंगणारं काढून टाका, बुडालेलं दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. इंद्रायणीचं शुद्ध बियाणं हवं असेल तर ज्या वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून हा वाण १९८७ साली बाहेर पडला, तिथं आधी चौकशी करा.

आम्ही पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. शेतकऱ्याकडून वर्षाचा इंद्रायणी घेतो, पावसाळ्यात किडे होतात. काय करावं?

एकदम वर्षाचा तांदूळ घेऊ नका. शेतकऱ्याला सांगा की भात तुमच्याकडेच ठेवा, दर तीन महिन्यांनी भरडून द्या, साठवणीचे पैसे आम्ही देऊ. त्यालाही दिवाळीनंतर पडत्या भावात विकावं लागत नाही. एकदम घेतलाच तर दोन दिवस सावलीत पसरा आणि कोरड्या डब्यात काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. एकाच मोठ्या पिंपाऐवजी पाच-पाच किलोचे डबे करा आणि एक संपल्यावरच दुसरा उघडा. बोरिक पावडर चोळायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे, ती सोडा. खाण्याच्या पदार्थात बोरिकला परवानगी नाही.

हातसडीचा तांदूळही तसाच टिकतो का?

नाही. त्यावर कोंड्याचा थर असतो, कोंड्यात तेल असतं आणि उन्हाळ्यात त्याला खवट वास येतो. महिना-दोन महिन्यांपुरताच घ्या, जास्त असेल तर फ्रिजमध्ये ठेवा.